उंच हँडल, आखूड वायर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार आणि ताणतणाव यांवर अधिकारी मंडळी दरवर्षी लिहितात. मी यंदा मोटारसायकलच्या हँडलविषयी लिहिणार आहे, हे ऐकून संपादकांच्या भुवया उंचावल्या. परंतु हा विषय वाटतो तितका वैद्यकाबाहेरचा नाही.

बेळगावात वाढलेल्या माणसाला चोर्ला घाट आणि पलीकडचा गोवा नेहमीच खुणावतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१३ साली, मी एक थंडरबर्ड घेतली. पाय किंचित पुढे, पाठ ताठ, हात सैल अशी ही क्रूझरची ऐसपैस बैठक. तीन वर्षे तिने मला कसलाही त्रास दिला नाही. मग मला दुर्बुद्धी सुचली. मूळ हँडल उतरवून मी त्या जागी तब्बल बारा इंच उंचीचे, खास घडवून घेतलेले हँडल बसवले.

या उंच हँडलाला इंग्रजीत ‘एप हँगर’ म्हणतात. फांदीला लोंबकळणाऱ्या वानरासारखा चालक दिसतो, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हौशी तरुणांनी मोटारसायकली कापून, सोलून नव्याने घडवायला आरंभ केला, त्या परंपरेतले हे अपत्य. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने अशा गाड्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली. त्याच देशात त्यांना मर्यादाही घातली गेली. चालक आसनावर बसलेला असताना त्याच्या मुठी खांद्यांपेक्षा सहा इंचांहून अधिक वर नसाव्यात, असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे. मला चित्रपट ठाऊक होता. नियम ठाऊक नव्हता.

हँडल निवडताना मी फक्त उंची पाहिली. वास्तविक चार मापे पाहावी लागतात : उंची, रुंदी, मुठी चालकाकडे किती मागे येतात ती ओढ आणि नळीचा व्यास. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत मुठीजवळची नळी सुमारे २२ मिलिमीटरची असते, तर हार्ले-डेव्हिडसनसारख्या अमेरिकी क्रूझरची एक इंचाची, म्हणजे २५.४ मिलिमीटरची. व्यास जुळला नाही तर क्लॅम्प नळीला घट्ट धरत नाही, आणि खड्ड्यात चाक आदळताच हँडल पुढे किंवा मागे फिरू शकते.

हँडल उंचावले की त्याला जोडलेले सारेच लांबवावे लागते. क्लचची वायर, ॲक्सिलेटरची वायर, पुढच्या डिस्क ब्रेकचा पाइप आणि दिव्यांच्या तारा, सर्वांना नवी लांबी हवी. ब्रेकचा पाइप बदलल्यावर त्यातील हवा पूर्णपणे काढावी लागते. हवा राहिली तर लिव्हर स्पंजासारखी दबते आणि चाक थांबत नाही. माझ्या मिस्त्रीने क्लचची वायर आणि ब्रेकचा पाइप बदलला. ॲक्सिलेटरच्या वायरीविषयी मात्र तो म्हणाला, “पुरते की साहेब.” हँडल सरळ असताना ती खरोखरच पुरत होती.

पहिल्याच रविवारी चोर्ल्याच्या माथ्यावर अरुंद रस्त्यात गाडी परत वळवताना मी हँडल पूर्ण डावीकडे फिरवले. ताणलेल्या वायरीने आपणहून ॲक्सिलेटर ओढला. इंजिन गर्जले आणि गाडी दरीकडच्या कठड्याच्या दिशेने झेपावली. क्लच वेळीच दाबला गेला, एवढेच माझे पुण्य. गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले असते आणि आवाज वाढतो का हे ऐकले असते, तर दोन मिनिटांत दोष कळला असता. ती चाचणी ना त्याने केली, ना मी मागितली.

मी वायर बदलून घेतली आणि उंच हँडल तसेच ठेवले. वाहनाचा दोष दूर झाला, वाहकाचा राहिला. पुढे काही आठवड्यांनी, गोव्याहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, शस्त्रक्रियेत टाके घालताना उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाल्याचे जाणवले. दोरा बोटात आहे की नाही, हे मला डोळ्यांनी पाहावे लागले. उरलेले टाके सहकाऱ्याच्या हाती सोपवून मी बाजूला झालो. सर्जनच्या आयुष्यात इतकी लांब पावले क्वचितच पडत असतील.

अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने मला खुर्चीत बसवले आणि रूसची चाचणी करायला सांगितली. दंड खांद्याच्या पातळीत, कोपर काटकोनात, पंजे वर. तीन मिनिटे मुठी उघडायच्या आणि मिटायच्या. मी हात वर नेले आणि आम्ही दोघेही हसलो. ती हुबेहूब माझ्या मोटारसायकलवरची बैठक होती! गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांमधील चिंचोळ्या वाटेत नसा व रक्तवाहिन्या दबतात का, हे पाहण्यासाठी रुग्णाला आपण तीन मिनिटे ज्या स्थितीत ठेवतो, त्या स्थितीत मी तासन्‌तास इंजिनाची थरथर सोशीत बसत होतो. मूळ हँडल परत बसवल्यावर दीड महिन्यात बोटे पूर्ववत झाली.

कायद्याचाही विचार मी केला नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्या कसोटीवर माझे हँडल टिकले असते असे मला वाटत नाही.

म्हणून माझे मत असे की, हँडल आरशात पाहून नव्हे, कोपर पाहून निवडावे. गाडीवर बसावे, डोळे मिटावे, हात सहज पुढे करावेत आणि मुठी कोठे येतात ते दुसऱ्याने मोजावे. मुठी खांद्याखाली, कोपर किंचित वाकलेले, मनगट सरळ. हँडल पूर्ण वळवल्यावर दूरची मूठ पाठ न हलवता हाती यावी. एवढ्याने भागत नसेल, तर उत्पादकाने मान्य केलेल्या पर्यायांपलीकडे जाऊ नये.

आपल्याकडे येणाऱ्या तरुणांना आपण “गाडी सोडा” म्हणतो. ते ऐकत नाहीत. मीही ऐकले नसते. त्याऐवजी बोटे बधिर होतात म्हणणाऱ्या प्रत्येकाला मानेचा एक्स-रे सुचवण्यापूर्वी आपण एक प्रश्न विचारावा : तुमच्या गाडीचे हँडल केवढे आहे? मंडळाच्या पुढील आरोग्य शिबिरात दुचाकीस्वारांची बैठक तपासणारे एक टेबल ठेवावे, ही माझी विनंती आहे. त्या टेबलामागे बसायला मी तयार आहे. थंडरबर्ड बाहेर उभी असेल, मूळ हँडलासह.