चोरून ऐकल्याचे ऋण

परवा एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मुलांनी ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधला सज्जातला प्रवेश केला. सज्जा प्लायवूडचा, चंद्र थर्माकोलचा. आपण एकट्याच आहोत असे समजून ज्युलिएट मनातले सगळे बोलून टाकते आणि खालच्या अंधारातून रोमिओ एकदम बोलू लागतो. ती मुलगी इतकी छान दचकली की सारे सभागृह हसले. मला मात्र हसू आले नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे एक ग्रंथालय डोळ्यांपुढे आले. त्याविषयी पुढे सांगतो.

हा प्रवेश प्रेमाचा म्हणून जगभर गाजला. मला तो संकोचाचा वाटतो. ज्युलिएट अजून चौदा वर्षांचीही नाही. काही तासांपूर्वी मेजवानीत भेटलेला तरुण वैऱ्याच्या घरातला निघाला आणि ते दुःख ती रात्रीला सांगते आहे. खाली उभ्या रोमिओला क्षणभर प्रश्न पडतो, आणखी ऐकावे की आता बोलावे? तो आणखी ऐकतो.

मग उलगडा होतो आणि ती लाजते. अंधार आहे म्हणून चेहऱ्यावरची लाली दिसत नाही, एवढाच तिला आधार. पण ती लाजते कशाला? प्रेमाला नव्हे, बोललेला एकही शब्द ती मागे घेत नाही. तिचे गेले आहे ते निराळेच. मनात येणे आणि ओठांवर येणे यांच्यामध्ये माणसाची स्वतःची अशी एक जागा असते. कधी सांगायचे, किती सांगायचे, आधी थोडे आढेवेढे घ्यायचे की नाही, हे तिथे ठरते. ती जागाच तिच्या हातून गेली. तू ऐकले नसतेस तर मी जरा अंतर ठेवून वागले असते, असे ती त्याला स्पष्ट सांगते. पुढे तर दिलेले वचन परत घ्यावेसे वाटते म्हणते, का, तर पुन्हा देता यावे म्हणून! पहिल्यांदा ते तिने दिलेच नव्हते. ते घेतले गेले होते.

तरी ती रडत बसत नाही. रोमिओ चंद्राची शपथ घेऊ लागतो, तर रोज बदलणाऱ्या चंद्राची शपथ तिला नको असते. लग्नाचा विचार असेल तर उद्या माझ्या माणसाकडे निरोप दे, असे ती ठरवून टाकते. रोमिओचेही एक मान्य केले पाहिजे. ऐकल्यावर तो चोरपावलांनी निघून गेला नाही. पुढे आला आणि आपलेही मन उघडे केले.

आपल्याकडे दुष्यंताने हेच केले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून वेलींआडचा हा राजा मराठी प्रेक्षकाच्या चांगल्या ओळखीचा. तिसऱ्या अंकात मालिनीकाठी शकुंतला सख्यांना मनातले सांगते, कमळाच्या पानावर नखांनी पत्र लिहिते आणि ते वाचून दाखवते, तेव्हा राजा समोर येतो. पण पाचव्या अंकात भर दरबारात तिला तेच नाते सिद्ध करायची वेळ येते. जिने ते ऐकले होते त्या दोन्ही सख्या आश्रमात राहिलेल्या. अंगठी बोटात नाही. तिसरा ऐकणारा सिंहासनावर, आणि तो म्हणतो, मला काही आठवत नाही. कालिदासाने शापाची योजना करून त्याला वाचवले. महाभारतातल्या दुष्यंताला मात्र सगळे आठवत असते.

आता ग्रंथालयाचे. कपाटांच्या रांगेपलीकडे वर्गातली एक मुलगी मैत्रिणीला माझ्याविषयी सांगत होती. मी ऐकले, अगदी शेवटपर्यंत, आणि आवाज न करता बाहेर पडलो. केवढा सभ्यपणा केला, असे तेव्हा वाटले! पण पुढचे काही महिने माझ्या वागण्यात एक ऐट आली. तिच्याशी बोलताना मी कधी चाचरलो नाही, कारण मला निकाल आधीच माहीत होता. एकदा थट्टेच्या भरात तिचाच एक शब्द तोंडून निसटला. ती थांबली. “तू तिथे होतास?” एवढेच तिने विचारले. मी हसलो. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

तिचा राग मला फार उशिरा कळला. मी ऐकले हा अपघात होता. ऐकून गप्प राहिलो आणि त्या माहितीवर मिजास केली, तो मात्र अपघात नव्हता. आज कुणाचा खासगी संदेश पाच जणांना दाखवताना मुले हसतात, तेव्हा हाच फरक त्यांना सांगावासा वाटतो. दुसऱ्याचे मन नकळत कानावर पडले, तर ते आपल्यावर ऋण असते. ते फेडायचे दोनच मार्ग आहेत. त्या मनाला आपल्याकडून जागा असेल तर ताबडतोब पुढे होऊन आपलेही तितकेच उघडे करावे. नसेल तर ते असे विसरावे, की आपल्या वागण्यातूनही कधी डोकावू नये.

मला पहिला मार्ग मोकळा होता. कारण मलाही ती आवडत होती. कपाटाआडून मी नुसता खोकलो असतो, तरी पुरे होते.