स्वस्त गाडीची महाग मालकी

वेगवान सेडान नवी असताना लोक तिची किंमत पाहतात. जुनी झाल्यावर तिचा स्वभाव पाहावा लागतो. २००५ साली आलेली बीएमडब्ल्यूची 'एम५' घ्या. वरकरणी सभ्य अशा चारदारी देहात पाच लिटरचे, दहा सिलिंडरांचे, ५०७ अश्वशक्तीचे इंजिन! पुढे तिची विक्रीकिंमत उतरली. देखभालीचा खर्च मात्र उतरला नाही. पिस्टनचे दांडे ज्यांच्या आधाराने क्रँकशाफ्टवर फिरतात ती बेअरिंग्ज तिच्यात अपेक्षेआधी झिजतात, आणि ती निकामी झाली की अवघे इंजिनच हातचे जाऊ शकते. म्हणून ओडोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या नोंदी बारकाईने वाचाव्यात, बेअरिंग्ज वेळीच बदलून घ्यावीत आणि तेल तापेपर्यंत इंजिनावर जोर देऊ नये, असे आम्हांस वाटते.

मग ही उठाठेव कशासाठी? २०११ च्या 'एम५'मध्ये आठ सिलिंडर व दोन टर्बो आले; दहा सिलिंडरांचे इंजिन त्या मालिकेत पुन्हा आले नाही. उरलेल्या गाड्यांचे आयुष्य आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकांच्या हाती आहे. पोथी लिहिणाऱ्याइतकाच ती जपणाराही मोलाचा, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. ज्याला हे जपणे परवडणार नाही, त्याने केवळ स्वस्ताईला भुलून तिच्या वाटेस जाऊ नये.