फुकटच्या मंचाची किंमत

नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी दिल्लीत काही महिला पत्रकार आणि कार्यकर्त्यांना भेटले. बायकांना ट्विटरवर काय सोसावे लागते, हे ऐकून घेण्यासाठी ती बैठक होती. एका दलित कार्यकर्तीने दिलेले, ब्राह्मणी पितृसत्तेवर घाव घाला असे सांगणारे पोस्टर हाती धरून त्यांनी फोटो काढला. गदारोळ उठताच कंपनीने हात झटकले. हे आमचे मत नव्हे, असा खुलासा आला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने माफीही मागितली. चार वर्षांनी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला अख्खी कंपनीच घेतली. आपला म्हणून ज्या चौकात आपण उभे होतो, तो असा विकला गेला.

मला खुपते ते याहून आतले. २०१७ मध्ये कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना फेसबुकने रागासकट सगळ्या इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते. कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांतून २०२१ मध्ये ते उघड झाले. जाहिराती विकायच्या तर माणूस पडद्याला खिळून राहायला हवा, आणि राग माणसाला खिळवतो.

माझ्या ओळखीची एक तरुण कार्यकर्ती शिष्यवृत्ती का रखडते हे शासन निर्णयाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरून, ओळीवर बोट ठेवत समजावते. ते मोजकेच लोक पाहतात. तिनेच एखाद्या सहकाऱ्यावर तोफ डागली की झुंबड उडते. ती भांडखोर नाही, पण दाद कशाला मिळते हे फोन तिला रोज शिकवतो. मग चळवळीत आलेला नवखा मुलगा चुकीचे काही बोलला, तर त्याला बाजूला घेऊन कोणी सांगत नाही; चारचौघांत सोलून काढतात. तो पुन्हा फिरकत नाही. सर्वांना सामावून घेऊ म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात हे घडावे, याचे मला फार वाईट वाटते.

चळवळीच्या पत्रांना पैशाची चणचण पूर्वीही होती. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला त्यामागे शाहू महाराजांचे २५०० रुपये होते. पुढे 'बहिष्कृत भारत' या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहून काढत आणि पैशासाठी वाचकांना साद घालत. पैसा पुरला नाही, पत्र बंद पडले. पण वाचकाला चिडवले तरच मजकूर पुढे सरकेल, अशी अट त्यांच्यावर नव्हती. आजही वर्गणीवर तग धरून असलेली लहान नियतकालिके मराठीत आहेत. त्यांचे वर्गणीदार व्हायला आपण कां-कूं करतो आणि चळवळ शेअरमध्ये मोजतो, याचा मला संताप येतो.

त्या तरुण कार्यकर्तीला मी म्हटले, व्हिडिओ करत राहा, पण तोच कागद घेऊन शनिवारी वसतिगृहातही जा. तिथे समोर बसवून मुलांचे अर्ज भरून घेता येतात.