जुळणी झाली, उलगडा कुठे?

मांजराच्या आकाराला हत्तीची कातडी चढवलेली चित्रे जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी मुद्दाम घडवली. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे आकार पाहून ‘मांजर’ म्हणाली. लाखो छायाचित्रांवर शिकवलेली संगणकीय न्यूरल नेटवर्क मात्र बहुतेक वेळा पोत पाहून ‘हत्ती’ म्हणाली. मानवी दृष्टीची प्रतिकृती म्हणून अभ्यासल्या जाणाऱ्या यंत्रणेची ही चूक किरकोळ नव्हे.

त्याआधी २०१४ मध्ये डॅनियल यामिन्स आणि जेम्स डिकार्लो यांच्या एमआयटीतील गटाने दाखवले होते, की वस्तू ओळखण्यात जे नेटवर्क अधिक तरबेज, त्याला माकडाच्या मेंदूतील दृष्टीशी निगडित पेशींच्या प्रतिसादाचा अंदाजही अधिक चांगला बांधता येतो. ते यश मोठेच. पण पुढे कोणाचे नेटवर्क मेंदूशी किती जुळते, याची गुणतालिका लागू लागली आणि आपण पाहतो कसे, हा प्रश्न मागे पडला.

नेटवर्क या साधनाचे खरे मोल पवन सिन्हा यांच्या गटाच्या २०१८ मधील कामात दिसते. त्यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून भारतातील जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. उशिरा दृष्टी आलेल्या या मुलांना चेहऱ्यांची ओळख जड जाते. का? नवजात बाळाला जग फार धूसर दिसते. या मुलांना सुरुवातीलाच त्याहून बरेच स्पष्ट दिसते. ही स्पष्टताच आड येत असेल का? असा प्रयोग बाळावर करता येत नाही, करूही नये. तो नेटवर्कवर झाला. आधी धूसर आणि मग स्पष्ट चेहरे पाहून शिकलेले नेटवर्क चेहऱ्याचा मोठा भाग एकत्र टिपू लागले. पहिल्यापासून स्पष्ट चेहरेच पाहिलेले नेटवर्क धूसर चित्रांपुढे अडखळले. बाळाची अंधुक नजर ही उणीव नसून शिकण्याची गरज असू शकते, असे म्हणायला आता आधार आहे.

उलगडा जुळणीइतकाच चुकांतूनही होतो; म्हणून जुळणीचा आकडा छापणाऱ्याने नेटवर्क कुठे चुकते, तेही त्याच ठळकपणे छापावे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांच्या गटाने २०२१ मध्ये हेच केले. आरशातील प्रतिमेशी होणारी गल्लत शिकलेल्या नेटवर्कमध्येही माणसासारखीच आढळली. पण झाकलेल्या वस्तूचा उरलेला भाग मनाने पुरा करणे आणि तपशिलाआधी एकूण आकार टिपणे त्या नेटवर्कना साधले नव्हते.