आईला व्हरांड्यात बसवून शाळा सर्वांची होत नाही

जुलै संपत आला होता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात रोवणीला बाया मिळत नव्हत्या, आणि एक बाई मात्र शाळेच्या व्हरांड्यात बसून होती. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. आधाराशिवाय उभे राहता येत नाही. शाळेने नाव दाखल केले, पण अट घातली : आई सोबत बसणार असेल तरच पाठवा. मी विचारपूस करायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मी रोवण्याले जाऊ का पोरीसंग शाळेत बसू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'पालकांचा सहभाग' शिकवला होता. तिथे पालक म्हणजे आई आणि सहभाग म्हणजे बिनपगारी नोकरी, हे मला गोंदिया जिल्ह्यातली गावे फिरून कळले.

कायद्यांची कमतरता नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले आणि शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात असे बजावले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाणही सांगितले : प्राथमिकला दहा मुलांमागे एक, पुढे पंधरा मुलांमागे एक. पण शाळेत चाकाची खुर्ची कोण ढकलणार, मुलीला संडासला कोण नेणार, घास कोण भरवणार, हे प्रश्न आले की सगळ्यांची नजर एकाच दिशेला वळते. आई आहे ना!

बाप कुठे आहे, असे कोणी विचारत नाही. शाळेचा निरोप बापाला जात नाही. मजुरी बुडाली तर बापाची बुडते. आईची 'राहून जाते'.

मूल फारच 'जड' वाटले, तर गृहाधारित शिक्षणाचा कागद पुढे येतो. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय हक्क म्हणून दिला. निवड मुलाची, शाळेची नव्हे. माझ्या पाहण्यात मात्र ही निवड शाळा करते आणि सही आईची घेते. विशेष शिक्षक घरी येतात, मनापासून शिकवतात, कारण त्यांच्या वाट्याला कितीतरी गावे असतात म्हणून तासाभरात निघतात. उरलेले दिवस शाळा म्हणजे चूल, मास्तरीण म्हणजे आई, आणि वर्गमित्र कोणीच नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. सिकलसेल विदर्भात घरोघरी माहीत असलेला आजार. २०१६ च्या कायद्याने तोही अपंगत्वाच्या यादीत घेतला. असे मूल वरून धडधाकट दिसते. वेदना उठल्या की चार-चार दिवस शाळा बुडते, आणि हजेरीपटावर ते 'आळशी' ठरते. घरी सासू सुनेला म्हणते, तुझ्याच रक्तातले आहे. खरे तर हा आजार मुलात येतो तो आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच. हे विज्ञान शाळेत शिकवले जाते. पण दोष आईच्या माथी मारताना ते कोणाला आठवत नाही.

आता आपल्याविषयी बोलू. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढायला सुरुवात झाली. पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगितले गेले. स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. आपल्या चळवळीने तेव्हा म्हटले होते : मुलींचा अवयव कापू नका, त्यांना मदतीला माणूस द्या.

तो माणूस अजून मिळालेला नाही. गावातल्या शाळेत जाणाऱ्या अशा मुलीला पाळी सुरू झाली की काय होते, ते मी पाहिले आहे. कोणी शस्त्रक्रिया करत नाही. तिचे दप्तर खुंटीला लागते, एवढेच. आई म्हणते, शाळेत तिचं कोण करील? आणि आपणही मान हलवतो. शिरूरला आपण आवाज उठवला. खुंटीवरच्या दप्तरासाठी मात्र मोर्चा निघाला नाही.

कोणी म्हणेल, मास्तर तरी काय करतील? दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग, वर शासनाची कामे. मान्य. म्हणूनच भांडण त्यांच्याशी नाही. शिक्षकाकडून होत नाही ते आईकडून फुकट करून घ्यायचे, या हिशेबाशी आहे. समग्र शिक्षा योजनेत मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, अपंग मुलींसाठी महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ताही आहे. दोनशे रुपयांत आईचा महिना विकत मिळतो, असे समजणाऱ्याने एक दिवस चिखलात वाकून रोवणी करून पाहावी.

आपली मागणी साधी असावी. ज्या शाळेत अशी मुले आहेत तिथे पगारी मदतनीस हवी, आणि ती गावातलीच बाई असू शकते. वापरता येईल असा संडास आणि पाणी हवे. गृहाधारित शिक्षणाचा निर्णय आई, वडील आणि मूल यांच्याशी बोलूनच व्हावा आणि दरवर्षी तपासावा. सिकलसेलमुळे बुडालेल्या दिवसांचा अभ्यास शाळेने भरून द्यावा.

मैत्रिणींनो, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. म्हणजे या खुर्च्या आपल्याच आहेत. आपल्या बचत गटातली एखादी तिथे नुसती सही करायला जात असेल, तर पुढच्या बैठकीला तिच्यासोबत जा. गावातली किती मुले घरी आहेत आणि त्यांच्यापायी किती बायांची मजुरी बुडते, हे दोन आकडे विचारा. उत्तर नोंदवहीत लिहून घ्या.

ती आई यंदा रोवणीला गेली. मुलगी घरी राहिली. दोघींपैकी एकीनेच घराबाहेर पडायचे, हा नियम कोणी केला, याचा जाब आपल्याला विचारायचा आहे.