आजोबांच्या रायफलीला पॉलिश पेपर लावू नका

आमच्याकडे चौकला धारावीच्या किल्ल्यावर गेलं की कुठला दगड पोर्तुगीजांचा आणि कुठला मराठ्यांचा, यावर लोक तावातावाने बोलतात. 1739 साल सगळ्यांना पाठ असतं. पण घरात आजोबांची शिकारी रायफल निघाली, की पहिलं काम ती घासून चकचकीत करण्याचं! गंजाबरोबर शिक्के, आकडे, कारखान्याचं नाव, सगळं जातं.

मूळ शोधायचं तर याच खुणा लागतात आणि एका खुणेवर भागत नाही. नळीवर स्वीडनच्या हुस्कवार्ना कारखान्याचं नाव असलं, तरी काडतूस चढवणारा भाग बेल्जियमचा असू शकतो. उलट, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फचं नाव दिसलं म्हणून ती स्वीडनची नाही, असंही नाही. 1899-1900 च्या सुमारास स्वीडिश सैन्याच्या माउझर रायफली तिथेच बनल्या. पुढे अशा लष्करी रायफलींच्या शिकारी रायफली करण्यात आल्या. “मूळचे कुठले?” हा प्रश्न जन्मभर ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी निकालाची घाई करू नये.

शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 8 आहे. खुणा खोडलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच त्या खोडल्या असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध त्यानेच करायचं. आपल्या नावाच्या माणसाला ते किती जड जाईल, हे मी सांगायला नको.

आजोबांचा परवाना आजोबांबरोबर गेला. म्हणून रायफल लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, आणि पावतीवर तिचा नंबर लिहून घ्या. वारस म्हणून परवान्याचा अर्ज त्यानंतर.