चाळिशीनंतरची वाट

चाळिशी उलटल्यावर मनुष्यानें नवा धंदा धरूं नये, हा समज आपल्या समाजांत इतका दृढ आहे कीं, त्याविरुद्ध बोलणारा अव्यवहारी ठरतो. आम्हींही एके काळीं हा उपदेश एका गृहस्थांस केला होता. ती हकीकत पुढें येईल. तूर्त एका इंग्रज सुताराकडे वळूं.

थॉमस एडमंडसन याचा जन्म १७९२ सालीं लँकेस्टर येथें एका क्वेकरपंथी घरांत झाला. गिलो यांच्या नामांकित कारखान्यांत तो लांकडी सामान बनविण्यास शिकला. पुढें कार्लाइल येथें त्यानें स्वतःचा धंदा काढला व त्यांत त्याचें दिवाळें निघालें. १८३६ सालीं, वयाच्या ४४ व्या वर्षाच्या सुमारास, तो न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या मिल्टन नांवाच्या आडवळणी स्टेशनावर स्टेशनमास्तर झाला.

त्या काळीं उतारूस हातानें लिहिलेला कागद तिकीट म्हणून मिळे. लिहितां लिहितां वेळ जाई. आणि जमलेल्या पैशांपैकीं पेटींत किती गेले व कारकुनाच्या खिशांत किती, हें पडताळण्यास साधन नव्हतें. एडमंडसननें पुठ्ठ्याचे एकसारखे लहान तुकडे करून त्यांवर अनुक्रमांक छापले व ते क्रमानें रचून ठेविले. दिवसाचा पहिला आंकडा शेवटच्या आंकड्यांतून वजा केला कीं विक्री कळली! तारीख उमटविण्याचें यंत्रही त्यानें योजिलें. त्या कामीं कार्लाइलचे घड्याळजी जॉन ब्लेलॉक यांचें त्यास साहाय्य झालें. मापांत कापणें व नेटकें रचणें हें सुताराचेंच कसब होय. धंदा बुडाला तरी हात बुडाले नव्हते.

तथापि मिल्टनला हें सर्व पडूनच राहिलें असतें. मँचेस्टर-लीड्स रेल्वेचे व्यवस्थापक कॅप्टन लॉज यांनीं त्याचें मोल ओळखून त्यास मँचेस्टरला नेलें. पुढें ही पद्धत घेणाऱ्या कंपन्या त्यास मैलामागें वर्षाला १० शिलिंग देऊं लागल्या, आणि त्या प्राप्तींतून त्यानें आपल्या जुन्या धनकोंचें देणें फेडलें. ब्रिटनमध्यें हीं तिकिटें १९९० सालापर्यंत चाललीं. तारखेच्या यंत्राचा खट्कन होणारा आवाज आमच्या पिढीनेंही आपल्या स्टेशनांवर ऐकला आहे.

आतां ती हकीकत. सुमारें १५ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे चारित्र्याचा दाखला मागावयास आले. वय ४२, लहानसा छापखाना नुकताच बंद पडलेला. जवळच्या हॉल्टवर तिकिटें विकण्याचें काम कमिशनवर मिळण्यासारखें होतें, आणि शेजारचे एक सेवानिवृत्त स्टेशनमास्तर तें शिकविण्यास तयार होते. आम्ही त्या वेळीं तिशीचे होतों व उपदेशाचा सांठा आमच्यापाशीं विपुल होता. "या वयांत हें कशाला? त्यापेक्षां मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष द्या," असें आम्हीं सांगितलें. ते शांतपणें म्हणाले, "सर, त्याच्या फीसाठींच तर दाखला हवा आहे."

दाखला अर्थातच दिला. ते वृद्ध मास्तर पुढें सहा महिने रोज संध्याकाळीं हॉल्टच्या पत्र्याखालीं त्यांच्याशेजारीं बसत. चूक झाली तर स्वतः दुरुस्त न करितां पुन्हां मोजावयास लावीत. एकदां तीन तिकिटांची तूट आली, ती या गृहस्थांनीं मुकाट्यानें पदरच्या पैशानें भरली. मास्तर खरे रागावले ते तेव्हां! तूट भरणें सोपें आहे, ती कोठें पडली हें शोधणें हेंच काम, असें त्यांचें म्हणणें. मार्गदर्शक म्हणजे पाठीवर थाप मारणारा, अशी आपली समजूत असते. आमच्या मतें तो शेजारीं बसणारा असावा, आणि तोही महिनोन् महिने.

आज आम्ही एडमंडसनच्या त्या वयास पोहोंचलों आहोंत, म्हणून हा प्रश्न आम्हांस बोंचतो. आपल्याकडे रेल्वेच्या खुल्या भरतींत सामान्य उमेदवाराची वयोमर्यादा तिशीच्या आसपासच संपते. एडमंडसनचा अर्ज वयाच्या रकान्यावरूनच परत गेला असता. गाडी चालविणाऱ्याची व सिग्नल सांभाळणाऱ्याची दृष्टि काटेकोरपणें तपासावी. तींत तिळमात्र सूट नको, कारण तेथें उतारूंच्या प्राणांशीं गांठ आहे. परंतु दृष्टि तपासावयाची ती डोळ्यांत, जन्मदाखल्यांत नव्हे. लाखों तरुण नोकरीची वाट पाहात असतां प्रौढांस जागा कोठून द्यावी, असें कोणी विचारील. हा आक्षेप खरा आहे, व त्याचें पुरतें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. तरी थोड्या जागा प्रौढांसाठीं राखाव्या आणि निवृत्त मंडळींस त्यांच्याशेजारीं बसवावें, एवढें करून पाहाण्यास हरकत नसावी.

त्या गृहस्थांचा मुलगा पुढें शिकून नोकरीस लागला. वडिलांनीं हॉल्ट मात्र सोडला नाहीं. गेल्या दिवाळींत आम्ही तेथें उतरलों, तों त्यांच्याशेजारीं एक चाळिशीचे गृहस्थ घाम पुशीत दिवसाची रक्कम मोजीत होते. आमच्याशीं बोलावयास त्या दोघांसही वेळ नव्हता.